उजवीकडची रिकामी जागा

हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टला अगदी चिकटून, पूर्वी जिथं धुतलेल्या चादरींच्या चळती ठेवायचे त्या खोलीत फोटोमावशी बसायच्या. खोली केवढी, तर कुणी आत आलं की मावशींना पोट आत घ्यावं लागे, आणि मावशींचं पोट काही सांगितल्यावर ऐकणाऱ्यातलं नव्हतं. एका भिंतीला निळं कापड ताणून लावलेलं. जमिनीवर पिवळ्या रंगानं काढलेली दोन पावलं. बाकीच्या तिन्ही भिंतींवर एकेक काळा ठिपका. कानातलं-गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवायचं, केस काळ्या पट्ट्यानं मागे घ्यायचे, पिवळ्या पावलांवर उभं राहायचं, मावशी सांगतील त्या ठिपक्याकडे बघायचं. आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही.

"हसू नका हो," मावशी दिवसातून पंचवीस वेळा सांगायच्या. "हसलात की गाल वर जातात, नाक फेंदारतं. मग ऑपरेशनचा गुण कुठला आणि हसण्याचा कुठला, कुणाला कळायचं?"

गंमत अशी की याच मावशींनी आधीची तीस वर्षं नेमकं उलटं सांगण्यात घालवली होती. यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. "थोडं हसा, काय बिघडतंय?" हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओ बसला, पाठोपाठ यजमानही गेले, आणि मावशी कॅमेरा उचलून प्लास्टिक सर्जरीच्या विभागात रुजू झाल्या. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, "मावशी, इथं खरंच प्लास्टिक घालतात का हो तोंडात?" मावशी म्हणाल्या, "प्लास्टिक आहे ते या खुर्चीत. तीसुद्धा मोडलीय, जपून बसा."

त्यांच्या मोठ्या डॉक्टरांचं स्वतःचं नाक भलतंच वाकडं होतं. पाठीमागं सगळे त्यांना 'वाकडोबा' म्हणत. समोरही कुणी धीट पेशंट विचारायचा, की साहेब, जगाची नाकं सरळ करता, मग हे? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "माझ्यासारखा डॉक्टर मला मिळाला नाही ना."

तर मावशींचं काम असं. ऑपरेशनच्या आधी पाच फोटो, तीन महिन्यांनी पुन्हा तेच पाच. कॉम्प्युटरच्या पडद्याचे दोन भाग. डावीकडे आधीचा चेहरा, उजवीकडे नंतरचा. नंतरचा फोटो येईपर्यंत उजवी बाजू नुसती करडी. आणि मावशींना फार लवकर एक कळलं होतं, ज्यांचं झकास झालं ते नंतरच्या फोटोला येतच नाहीत. निरोप पाठवा, फोन करा, "येतो येतो" म्हणतात आणि गुल होतात. आपलं जुनं तोंड बघायला कशाला येतील? येतात ते कुरकुरणारे. एक बाई होत्या, त्यांनी नाक तीनदा कमी करून घेतलं होतं. दर वेळी आरसा त्यांच्याकडे काहीतरी नवी चुगली करायचा. चौथ्यांदा आल्या तेव्हा श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. वाकडोबांनी हात जोडून सांगितलं, "बाई, आता कमी करण्यासारखं फक्त माझं बिल राहिलंय." मावशींनी हे अख्ख्या मजल्यावर वाटलं. गोष्ट पोटात ठेवणं हा मावशींचा प्रांतच नव्हे.

पण प्रत्येक रिकामी उजवी बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

दुपारी पेशंट आटोपले की मावशी दार लोटून जुने फोटो चाळायच्या. डावीकडे चेहऱ्यांमागून चेहरे. फाटक्या ओठांची तान्ही मुलं, मशीननं ओढलेला कान, भाजलेल्या पापण्या, कुत्र्यानं तोडलेला गाल. यातले कितीतरी जण आता बाहेर धडधाकट फिरत होते. घास ओठातून सांडत नव्हता, डोळे मिटत होते, लोक वळून बघत नव्हते. म्हणजे डावीकडचे हे चेहरे आता कुणाचेच नव्हते. अंगावरून उतरवून ठेवलेल्या कपड्यांसारखे ते इथं राहिले होते, आणि त्यांचा मालक त्यांना न्यायला कधीच येणार नव्हता. एकदा एक तरुण आई आपल्या बाळाचा शिवलेला ओठ दाखवायला आली. सुरेख झाला होता. तिनं पडद्यावर जुना फोटो पाहिला आणि एकदम डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "मावशी, हा फाटक्या ओठानं हसायचा ना, तर सगळं तोंड हसायचं. ते हसू कुठं गेलं हो?"  

आणि एक चेहरा असा होता की तो चाळताना यायला नको म्हणून मावशी दोन पानं एकदम उलटायच्या. तरी तो यायचाच.

ती शाळेत भूगोल शिकवायची. चाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा, नाकाच्या मधोमध एक उंचवटा. बाकी काही म्हणता काही नाही. पिवळ्या पावलांवर उभी राहिली, चष्मा ट्रेमध्ये ठेवला, आणि मावशींच्या जिभेला खाज सुटली.

"नाकावरची ही टेकडी काढलीत, तर चष्मा कुठं टेकवाल?"

बाई खळखळून हसली. अशी हसली की मावशींचं बोट त्यांना न विचारता कॅमेऱ्यावर दाबलं गेलं. तीस वर्षांची सवय. मग दोघी सावरल्या, नियमाप्रमाणे पाच गंभीर फोटो झाले. जाता जाता चष्मा घालत बाईनं विचारलं, "तुम्ही इतके पाहिलेत. खरं सांगा, करू का मी?"

"करा हो बिनधास्त!" मावशी म्हणाल्या. "या पावलांवरून रडत गेलेलं कुणी मी पाहिलं नाही."

दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. भूल चढत असतानाच हृदय थांबलं. सगळं होतं तिथं, मशीन होतं, माणसं होती, अर्धा तास धडपड झाली. कुणाची चूक निघाली नाही. भुलीच्या औषधाचं असं दहा हजारांत एखाद्याला होतं, असं चौकशीच्या कागदावर लिहून आलं. रडत गेलेलं कुणी पाहिलं नाही हे मावशींचं म्हणणं खरंच ठरलं. बाई रडत गेली नाही, नुसती गेली.

हसरा फोटो दर शनिवारी पुसून टाकायच्या फोटोंत जायला हवा होता. मावशींनी तो पुसला नाही, आणि कुणाला दाखवलाही नाही. या एका गोष्टीला त्यांच्या पोटात जागा मिळाली, आणि ती तिथं टाचणीसारखी राहिली. त्या हसण्याकडे बघितलं की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. करा हो बिनधास्त. काळ्या पट्ट्याच्या चिकटपट्टीत बाईचा एक लांब केस अडकला होता. मावशींनी तो काढला. पुढच्या आठवड्यात तिथं पुन्हा एक केस. दुसऱ्याच कुणाचा असेल, पंचवीस जणी तो पट्टा लावतात. पण मावशींनी तो पट्टा कपाटात टाकला आणि नवा आणला.

महिन्याभरानं बाईचा नवरा आला. घड्याळं दुरुस्त करायचा तो. बारीक, वाकलेला, कपाळावर भिंगाच्या पट्ट्याचा कायमचा वळ. "शेवटचा फोटो तुमच्याकडे आहे म्हणे. बघू का?"

फोटो बाहेर द्यायचा नाही हा हॉस्पिटलचा नियम होता, पण बघू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मावशींनी पडद्यावर लावला. तो घड्याळाच्या आतलं बघावं तसा पुढे झुकून बघत राहिला.

"बंद पडल्यासारखी दिसतेय," तो म्हणाला. "घरी ढीगभर फोटो आहेत हो. एकात तोंड मिटलेलं असेल तर शपथ. हसल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. मग इथं अशी का? तिला त्या दिवशी कळलं होतं का, मावशी?"

"अहो, आम्हीच सांगतो हसू नका म्हणून. सगळ्यांनाच सांगतो."

"हां, सांगत असाल." पण त्याला ते पटलं नव्हतं. "दहा हजारांत एक, म्हणतात. असेल. माझ्या घरात मात्र एकच होती."

त्यानंतर तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बारा वाजता यायचा. पाच मिनिटं बघायचा, "कळलंच असणार तिला" असं पुटपुटायचा आणि जायचा. डावीकडे बाईचा गंभीर चेहरा, उजवीकडे करडी रिकामी काच. ऊन वर आलं की त्या काचेत मावशींचं स्वतःचं तोंड दिसायचं, बरोबर बाईच्या शेजारी. आधी ती आणि नंतर मावशी, असं. सात मंगळवार मावशींनी त्या काचेकडे पाहिलं, आणि हाताशी असलेलं उत्तर त्या माणसाला दिलं नाही.

आता मावशींच्या घरी या.

घरात त्या आणि त्यांची भाची. आई लहानपणीच वारली, बाप दुसरा संसार थाटून मोकळा झाला, म्हणून पोर मावशीकडे आली ती इथलीच झाली. चार वर्षांची असताना उकळतं पाणी अंगावर सांडून मानेची डावी बाजू भाजली होती. जखम भरली, पण कातडी आक्रसत गेली आणि तिनं हनुवटी डाव्या खांद्याकडे ओढून घेतली. कान आणि खांदा यांच्यामध्ये कायमचा फोन धरावा तसं डोकं. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव 'हॅलो' ठेवलं. रडेल, भांडेल ती हॅलो कसली? तिनं पुढे नोकरी धरली तीसुद्धा फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. "माझी तर मानच या कामासाठी घडवलीय," म्हणायची. मावशीही लाडात आल्या की तिला हॅलोबाई म्हणायच्या.

हॅलोला उजवीकडे बघता यायचं नाही. उजवीकडे बघायचं तर कमरेतून सगळं अंग वळवावं लागे, दार उघडल्यासारखं. म्हणून रस्त्यानं जाताना मावशी कायम तिच्या उजव्या हाताला. वीस वर्षं मावशी हीच तिची उजवी बाजू. "गाडी येतेय", "थांब", "चल आता". एक दिवस मावशी बरोबर नव्हत्या आणि उजवीकडून आलेल्या मोटारीनं तिला हातभर अंतरावरून सोडलं. त्या संध्याकाळी हॅलो घरी आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मावशी, मी ऑपरेशन करून घेणार."

मावशींच्या हातातली परात निसटली.

खरं तर यात दचकण्यासारखं काय होतं? वाकडोबा तर वर्षानुवर्षं मागं लागले होते. "मावशी, जगाच्या माना सरळ करतोय आणि तुमच्याच घरात वाकडी? आवळलेली कातडी सोडवायची, मांडीची पातळ कातडी तिथं लावायची. मान वळेल हो पोरीची." दर वेळी मावशी काहीतरी सबब काढायच्या. आता थंडी आहे, आता तिची नोकरी नवी आहे, आता माझा गुडघा दुखतोय. आणि बाई गेल्यापासून तर विषय निघाला की उठून आतच जायच्या.

"तुला गं काय कमी आहे?" मावशी म्हणाल्या.

"उजवी बाजू," हॅलो म्हणाली.

वय चोवीस. सहीचा अधिकार तिचा. पण तिनं अट घातली. "तू तोंडानं 'कर' म्हणालीस तरच. नाही म्हणालीस, तर पुन्हा विषय नाही."

एवढुसा शब्द. परक्या बाईला मावशींनी तो जाता जाता, ट्रे पुसता पुसता दिला होता. आता तो घरच्या पोरीला देववेना. महिनाभर मावशी नुसत्या घोटाळत राहिल्या. हेडसिस्टरांना विचार, ड्रेसिंगवाल्याला विचार. आणि सगळ्यांत शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेल्या, ज्यांच्या खोलीवरून जाताना त्या एरवी पावलं उचलून चालायच्या.

त्या बाईंनी मुळीच गोड बोलून दाखवलं नाही. "मान मागे जात नाही, म्हणजे श्वासाची नळी घालणं अवघड," त्या म्हणाल्या. "म्हणून झोपवायच्या आधी, जागेपणीच घालू. तिला त्रास होईल, पण धोका कमी. कमी म्हणतेय, नाही असं म्हणत नाहीये. लावलेली कातडी धरेल न धरेल. रंग वेगळा दिसेल. व्रण पुन्हा जाड होईल, पुन्हा ओढेलही. सहा महिने गळ्यात पट्टा आणि रोजचे व्यायाम, ते चुकवले तर सगळं पाण्यात. आणि जमलं, तर ती मान वळवून बघेल. मावशी, आणखी काय सांगू?"

"ती भूगोलाची बाई..." मावशी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल मिटली. "तिला मीच भूल दिली होती. विसरले नाहीये मी. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या कानाशी जाऊन सांगते, की मी इथंच आहे. औषधाला त्यानं काही फरक पडत नाही. मला पडतो."

शेवटी आधीच्या फोटोंचा दिवस उजाडला. हॅलोनं सहीचा कागद बरोबर आणला होता, अजून सही न केलेला. कानातलं ट्रेमध्ये ठेवलं, केस मागे घेतले आणि पिवळ्या पावलांवर उभी राहिली. मावशींनी कॅमेऱ्यातून पाहिलं. वीस वर्षं रोज बघितलेला चेहरा, खांद्याशी काहीतरी गुपित बोलत असल्यासारखा. काचेतून तो डावीकडचा चेहरा होऊन बसला होता. उद्या कपाटात पडून राहणारा, मालक नसलेला.

मावशी मोडक्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. टेकडी, चष्मा, हसणं, "करा हो बिनधास्त", न पुसलेला फोटो, मंगळवारचा घड्याळवाला. हॅलो पावलांवरून हलली नाही.

"म्हणून तू इतके महिने मुकी झालीस होय? मला वाटलं तुझी दाढ दुखतेय."

"मस्करी करू नकोस गं."

"बरं. एकच सांग. तिनं जाता जाता विचारलं, तेव्हा तुला भीती वाटली होती?"

"नाही. चहाची वेळ झाली होती."

"आणि आता?"

"महिनाभर चहाची वेळ कधी होते, तेच कळत नाहीये."

"बास," हॅलो म्हणाली. "मी एकटीच घाबरलेय का, एवढंच मला बघायचं होतं. आता म्हण."

मावशी उठल्या, कॅमेऱ्यामागे गेल्या. तोंड झाकायला कॅमेऱ्यासारखी दुसरी वस्तू नाही. "समोरच्या ठिपक्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "हसू नको." पाचही फोटो झाले. मग त्या म्हणाल्या, "कर."

ऑपरेशनची तारीख लागली ती नेमकी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. मावशी आत फोटो काढायला जाणार होत्या, पण हेडसिस्टरांनी दारातच अडवलं. "कॅमेरा उलटा धरलाय तुम्ही. फोटो हलेल, आणि तुम्ही पडाल. तुम्हाला उचलायला चौघं कुठून आणू? जा, खोलीत बसा." मावशी खोलीत बसल्या. पडदा चालू केला. डावीकडे हॅलो. उजवीकडे करडं. दहा वाजले, अकरा वाजले. काचेत हळूहळू मावशींचं तोंड उगवलं, हॅलोच्या शेजारी. मावशींनी पडद्यावर रुमाल टाकला. रुमालाखाली ते तोंड तसंच असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

लिफ्टचं दार उघडलं की मावशी खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. प्रत्येक वेळी पावलं वाजत पुढे जायची. मग एकदा ती वाजत आली आणि दारापाशी थांबली.

बारा वाजले होते. घड्याळवाला होता.

"आज रुमाल का टाकलाय?" त्यानं विचारलं.

"भाची आत आहे माझी. ऑपरेशन चाललंय."

तो आत आला नाही. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "किती वाजता नेलं?"

"नऊ."

"मला पावणेदहाला सांगायला आले होते," तो म्हणाला. दुष्टपणानं नव्हे. वेळ सांगणं हा त्याचा धंदाच होता. "पावणेदहा टळले ना तुमचे? मग बसा निवांत."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस सात महिने त्यांच्या आत्ताच्या खुर्चीत बसला होता, आणि त्याला उठवणारी किल्ली मावशींच्या कपाटात होती. त्यांनी कपाट उघडलं, जुन्या काळ्या पट्ट्याखालून त्या न पुसलेल्या फोटोचं कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं आणि रुमाल ओढला.

बाई हसत होती. डोळे बारीक झालेले, डोकं मागे गेलेलं, नाकावरची टेकडी ऐटीत. फोटो जरासा हललेलाही होता.

घड्याळवाल्यानं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पडद्याच्या अगदी जवळ गेला. मग त्यानं विचारलं, "त्याच दिवशीचा?"

"त्याच दिवशीचा. गंभीर फोटोंच्या आधीचा. तिला काही कळलं नव्हतं हो. ती घाबरलेली नव्हती."

"कुणी हसवलं तिला?"

"मी." मग मावशींनी बाकीचंही सांगितलं.  "तिनं विचारलं, करू का. मी म्हटलं, करा बिनधास्त."

त्यानं भिंग काढलं. आता हा ओरडेल, असं मावशींना वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला विचारलं तिनं?" तो म्हणाला. "मला नाही विचारलं. मला नुसती तारीख सांगितली." मग म्हणाला, "मी नको म्हटलं असतं. मला आवडायचं ते नाक. म्हणूनच नसेल विचारलं."

मावशींनी छोट्या मशीनवर फोटो छापला. नियम बाजूला ठेवला. त्यानं तो फुंकर घालून वाळवला, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि गेला. आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही.

दीड वाजता वाकडोबा स्वतः आले. टोपी काढून म्हणाले, "मावशी, नळी घातली, कातडी सोडवली, लावली, पोरगी शुद्धीवर येऊन 'हॅलो' म्हणाली. आता तुम्ही पडलात तरी चालेल."

मावशी पडल्या नाहीत. खुर्ची मात्र पडली.

पुढचे महिने सोपे नव्हते. पाचव्या दिवशी पट्टी काढली तेव्हा कातडीचा एक कोपरा काळा पडलेला होता. तो पुन्हा करावा लागला. मांडी जळजळायची, गळ्यातला पट्टा टोचायचा, व्यायामाच्या वेळी हॅलो मावशींना अशा शिव्या द्यायची की शेजारची दारं हळूच किलकिली व्हायची. लावलेला तुकडा आजूबाजूपेक्षा सावळा दिसत होता, एका कडेनं व्रण जाड होऊ लागला होता. आणखी एक छोटं ऑपरेशन लागेल, न लागेल. पण हनुवटी खांद्यावरून उठली होती.

सहा महिन्यांनी पट्टा सुटला, तेव्हा लांबलेल्या नंतरच्या फोटोला हॅलो स्वतःहून आली. पिवळ्या पावलांवर सरळ उभी राहिली. मावशींनी पडद्यावर दोन्ही बाजू लावून पाहिल्या. उजवी बाजू भरली. काचेतलं त्यांचं तोंड गेलं. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा डावीकडे जात होती. ती खांद्याशी गुपित बोलणारी पोर, आता ती कुठं राहील?

घड्याळवाला त्या मंगळवारनंतर आला नाही. ज्याचं बरं होतं तो परत येत नाही, हे मावशींनीच पाहिलेलं होतं. दुसरं काही झालं असलं, तरी माणूस परत येत नाही, हेही पाहिलेलं होतं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बारा वाजता मावशी अजूनही दार जरासं उघडं ठेवायच्या. लिफ्ट थांबायची, पावलं वाजायची आणि पुढे जायची.

फोटो झाल्यावर दोघी घरी निघाल्या. चौकात मावशी सवयीनं वळसा घालून हॅलोच्या उजव्या हाताला आल्या.

"मावशी, डावीकडे ये," हॅलो म्हणाली. "मला दिसतं आता."

आणि तिनं नुसती मान वळवून उजवीकडे पाहिलं. खांदा हलला नाही, कंबर हलली नाही. मावशींनी वीस वर्षांत ती मान चौकात अशी कधी पाहिली नव्हती, आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण कुणा भलत्याच मुलीबरोबर रस्त्यावर उभ्या आहोत.

"गाडी नाहीये. चल."

मावशी डाव्या हाताला गेल्या. दोघी रस्ता ओलांडू लागल्या. अर्ध्यावर मावशींनी चोरून हॅलोच्या पलीकडे पाहिलं. उजवीकडची त्यांची जागा मोकळी होती. तरीही हॅलो एका माणसापुरती वाट सोडून चालत होती, आणि पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत तिनं ती जागा भरू दिली नाही.